भुवनेश्वरीअक्कांचा घरचा फोन

माझं लग्न भुवनेश्वरीअक्कांनी जमवलं. त्यामुळे त्यांच्याविषयी मी नि:पक्षपातीपणे काही लिहीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. घरात सगळं सुरळीत असतं तेव्हा मला अक्का देवमाणूस वाटतात. आणि माझी बायको महेश्वरी माहेरच्या कौतुकाला लागली, की जिना चढून वर जावं आणि अक्कांना जाब विचारावा असं वाटतं. एकदा गेलोही होतो. अक्कांनी माझ्या हातावर शेंगापोळी ठेवली आणि म्हणाल्या, "गुरू, तुझ्या बापाचा आवाज ऐकून दिली होती ती पोरगी. तुझा न्हवं."

हे खरं आहे, आणि त्यातच अक्कांचं सगळं शास्त्र आलं.

सोलापुरात बाळीवेशीत आमची तीन मजली इमारत आहे. खाली माझं चष्म्याचं दुकान, दुकानामागे आमचं बिऱ्हाड, आणि डोक्यावर अक्का. सत्तरीच्या घरातल्या, अंगाने किरकोळ, कपाळावर विभूतीची तीन बोटं आणि आवाज असा की वरून हाक मारली तर रस्त्यावरचा रिक्षावाला थांबतो. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. भावाची मुलगी चंद्रिका लहानपणी आई गेल्यावर वळसंगहून त्यांच्याकडे शिकायला आली ती इथलीच झाली. आता ती तिशी ओलांडून पुढे गेली आहे, एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात व्यापाऱ्यांचे जीएसटीचे हिशेब बघते, आणि आत्याचा शब्द खाली पडू देत नाही.

अक्का सोयरिकी जमवतात. त्याचे पैसे घेत नाहीत. लग्नात एक इरकल साडी आणि पहिल्या पंगतीचं पान, बस्स. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत अक्षता पडल्या की त्यांचा हंगाम सुरू होतो आणि वैशाख संपेपर्यंत त्यांना जेवायला फुरसत नसते. पत्रिका त्या बघत नाहीत. फोटो बघतात, पण तो आपला उपचार. त्यांचा भरवसा एकाच गोष्टीवर, तो म्हणजे घरचा फोन. दिवेलागणीच्या वेळेला, आधी न कळवता, त्या स्थळाच्या घरी फोन लावायच्या आणि ऐकायच्या. कोण उचलतं, कसं उचलतं, मागे काय चाललंय, दुसऱ्या माणसाला फोनवर कसं बोलावतात. बोलायच्या फार थोडं. "अमक्याच्या घरचाच फोन का? कोण कोण असता घरात? बरं बरं." संपलं. तेवढ्यात घर त्यांना कळलेलं असायचं.

आमच्या घरी त्यांनी फोन केला तेव्हा माझ्या वडिलांनी उचलला आणि म्हणाले, "थांबा हं जरा, ती भाकऱ्या करतीय, तिच्या हाताला पीठ हाय. निरोप मीच घेतो, सांगा." एवढ्या एका वाक्यावर अक्कांनी महेश्वरीच्या माहेरी होकार कळवला. पुढे मी भाकऱ्यांच्या वेळी कधी मदत केली नाही, ही गोष्ट वेगळी.

नाकारलेल्या घरांची कारणं मात्र त्या कधी सांगत नाहीत. "घराची अब्रू फोनवर आत घ्यायची, भाईर काढायची न्हाई," असं म्हणतात. मला दोन-चार कळली ती नावं वगळून. एका घरी टीव्हीचा आवाज कुणी कमी केला नाही. एका घरी आजोबांनी आतूनच विचारलं, "कोण मेलंय फोनला?" आणि एका भल्या मोठ्या, बंगल्याबिंगल्यांच्या घरी फोन सुनेनं उचलला आणि कुजबुजत बोलली. "सून फोनवर कुजबुजते त्या घरात पोरगी देऊ नये," अक्का म्हणाल्या. मी हसलो होतो. त्या बंगल्यातली सून वर्षभरात माहेरी निघून गेली, तेव्हा हसायचं थांबलो.

तर असं सगळं चाललेलं असताना घरोघरचे फोन गेले. लोकांनी मोबाईल घेतले आणि घरातली ती गोल तबकड्यांची, मग बटणांची डबडी भंगारात घातली. अक्कांनी आपली लाइन हट्टाने ठेवली होती. पण रस्ता खोदताना तिची वायर तुटली, आणि तक्रारी नोंदवून नोंदवून चंद्रिका थकली तरी फोन मुका तो मुकाच. मग अक्कांनी मोबाईलवर काम करून बघितलं. मुलगा कधी मोटारसायकलवर असायचा, कधी हॉटेलात, कधी कुजबुजत "मीटिंगमध्ये आहे" म्हणायचा. अक्का वैतागून फोन पलंगावर आपटायच्या. "ह्यात माणूस सापडतो, घर सापडत न्हाई." त्या हंगामात त्यांनी एकही लग्न जमवलं नाही. महेश्वरी म्हणाली, अक्का वाळल्या. मला खरंच त्यांची काळजी वाटायला लागली.

नेटवरचा फोन घरात आला तो चंद्रिकेमुळे. तिला संध्याकाळी घरून ऑफिसचं काम करायला इंटरनेट हवं होतं. केबलवाला बिलाल येऊन भिंतीवर पांढरी डबी ठोकून गेला आणि जाता जाता म्हणाला, "अक्का, ह्याला घरचा फोन बी लागतो. महिन्याचं जे काय नेटचं भरता त्यातच. अख्ख्या हिंदुस्थानात बोला, कितीबी बोला, जास्तीचं काय नई."

अक्कांचा विश्वास बसेना. "आवाज त्या नेटमधनं जातो म्हणतोस. मग मधी कुणी ऐकत बसलं तर?"

"तुमचं ऐकत बसायला कुणाला येवढा टाइम हाय, अक्का?" बिलाल म्हणाला. त्यांना ते पटलं नाही, पण राग आला, आणि राग आला की त्या कामाला लागतात. मीच जाऊन बटणांचा एक फोन आणून दिला. त्यांनी डबीला विभूती लावली. लाइट गेली की हा फोनही जातो, हे कळल्यावर बिलालला परत बोलावून एक छोटी बॅटरी बसवून घेतली. मग नवा नंबर कळवायला म्हणून त्यांनी जो फोन लावायला सुरुवात केली, तो आठवडाभर त्यांच्या कानापासून सुटला नाही. जुन्या फोनवर बोलताना त्यांचा एक डोळा घड्याळावर असायचा. आता टेंभुर्णीपासून हुबळीपर्यंत त्यांनी जमवलेल्या यच्चयावत संसारांची विचारपूस झाली. माझ्या डोक्यावर दिवसभर "कसं चाललंय गं?" चा गजर चालू असायचा.

पण अक्कांकडे घरचा फोन आला तरी समोरच्यांकडे कुठे होता? यावर त्यांनी जो उपाय काढला त्याला माझा सलाम आहे. त्यांनी अटच घातली. ज्यांच्या घरात लग्नाचं पोरगं नाहीतर पोरगी आहे त्यांनी आधी घरचा फोन घ्यावा, मग माझ्याकडे यावं. आश्चर्य म्हणजे लोकांनी ऐकलं. घरोघर पोरांसाठी नेट होतंच; त्याला फक्त एक फोन जोडायचा. बाळीवेस, शेळगी, अक्कलकोट रोड, जिथे तिथे लग्नाळू घरांतून फोन वाजायला लागले. बिलाल तर दर महिन्याला अक्कांसाठी काहीबाही फळं आणायचा. "अक्का म्हंजे आपली फुकटची एजंट," असं मला दुकानात येऊन सांगायचा, आणि वर जाऊन त्यांच्या पाया पडायचा.

आता चंद्रिकेकडे येतो. कारण अक्कांच्या हातून जगाची लग्नं जमली आणि घरातली पोरगी तशीच राहिली, हे सगळ्या गल्लीला दिसत होतं. तिला स्थळं आली नाहीत असं नाही, ढीगभर आली. दर वेळी अक्का फोन करायच्या, ऐकायच्या आणि म्हणायच्या, "घर बरोबर न्हाई." कारण अर्थातच नाही. चंद्रिका "बरं" म्हणायची आणि लॅपटॉप उघडायची. तिला त्याचं फार वाईटही वाटत नसावं. नंदीश येईपर्यंत.

नंदीश दुधनीचा. बाजारात वारलेल्या वडिलांची, सिद्धप्पांची, धान्याची आडत तोच चालवतो. हिशेबाचे कागद घेऊन तो चंद्रिकेच्या ऑफिसात यायचा. दोन वर्षं ही दोघं फक्त रिटर्न भरण्याविषयी बोलली. जीएसटीतून प्रेम निघतं हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला माझ्या दुकानातला सगळ्यात जाड भिंगाचा चष्मा दिला असता. पण निघालं. चंद्रिकेनं ते आधी महेश्वरीला सांगितलं, महेश्वरीनं मला, आणि मी बघायला म्हणून त्याला चष्मा करून द्यायच्या मिषाने दुकानात बोलावलं. शांत, थोडा लाजरा, बोलायच्या आधी विचार करणारा मुलगा. मला आवडला. महेश्वरीनं चंद्रिकेला विचारलं, "मग करून टाका की, आता कुणाची वाट बघता?" ती म्हणाली, "आत्यानं त्यांच्या घरी फोन केल्याशिवाय न्हाई वैनी. तिनं सगळ्यांची घरं ऐकली. माझं न ऐकता मी कशी जाऊ?"

म्हणून नंदीशनं दुधनीच्या घरी फोन घेतला. त्याच्या घरी तो आणि त्याची आई नागव्वा, दोघंच. स्थळ रीतसर अक्कांकडे सांगून आलं. आम्ही सगळे दिवेलागणीची वाट बघत बसलो. म्हणजे रोजच्याच, अक्का फोन कधी करतील याचा नेम नसतो.

केला त्या दिवशी योगायोगानं मी वर होतो, त्यांच्या चष्म्याची काडी बदलून द्यायला गेलो होतो. अक्कांनी पूजा आटोपली, फोन घेतला, नंबर लावला. बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला.

"सिद्धप्पांच्या घरचाच फोन का? सोलापुरातनं बोलतीया. कोण कोण असता घरात? बरं. बरं बरं." आणि मग त्या गप्प बसून ऐकायला लागल्या. मी त्यांचा चेहरा बघत होतो. आधी कपाळाला आठी पडली, मग ओठ मिटले, मग त्यांनी फोन कानापासून थोडा लांब धरला. "ठेवते," म्हणाल्या आणि ठेवला. चंद्रिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"घर बरोबर न्हाई," अक्का म्हणाल्या.

चंद्रिका आत गेली. भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. नेहमीसारखाच.

पुढच्या दिवसांत तिनं एका शब्दानं तक्रार केली नाही. ऑफिसला जायची, यायची, अक्कांना गोळ्या द्यायची. फक्त आमच्याकडे यायची थांबली. नंदीशला तिनं "नाही म्हणाली आत्या" एवढं कळवलं आणि मग त्याचा फोन घेणं बंद केलं. तो बिचारा कागदांची पिशवी घेऊन ऑफिसात आला तर ही दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. महेश्वरीनं माझं डोकं खायला सुरुवात केली. "तुम्ही पुरुषमाणूस ना? जावा की वर. विचारा की." मला अक्कांची भीती वाटते, हे मी बायकोपुढे कबूल करू शकत नव्हतो. म्हणून गेलो.

"अक्का, कारण सांगा," मी म्हणालो.

"कारण सांगत न्हाई मी. तुला म्हाईत हाय."

"परक्याला सांगू नका. ती तुमची पोरगी आहे. तिचा जीव लागलाय तिथं. दिसत नाही तुम्हाला? चष्म्याला नवी काडी लावून दिलीय मी!"

मी अक्कांवर आवाज चढवला, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. त्या दचकल्या. मग त्यांचाही चढला.

"शिव्या देतात त्या घरात! आईबहिणीवरनं! 'उचल की ए', 'मर तिकडं', 'घाल पाठीवर', असं चाललंतं मागं. दहा-बारा माणसं. आणि हे पोरगं फोन कानाला लावून उभं, एका शब्दानं कुणाला गप्प बसवलं न्हाई. मी विचारलं, घरचाच फोन का? तर म्हणतंय, व्हय अक्का, घरचाच. मी आणि आई असतो म्हणतंय! असल्या गदारोळात घालू व्हय हिला?"

चंद्रिका चहाचे कप घेऊन बाहेर येत होती. ती तिथंच थांबली.

"आत्या," ती म्हणाली, "तो मार्केट यार्डात होता."

"कसला यार्ड? मी घरचा फोन लावला. घरचा."

"घरचाच गं. पण घरी कुणी उचलला नाही की तो त्याच्या मोबाईलवर जातो. नेटच्या फोनला तसं करता येतं. त्याच्या आईचे गुडघे गेलेत. आतनं उठून येईपर्यंत फोन वाजून बंद पडतो." तिनं कप खाली ठेवले. "तुझा फोन चुकू नये म्हणून मीच त्याला तसं करून घ्यायला सांगितलं होतं. तुरीचे दिवस आहेत. हमाल ट्रक भरत असतील."

मला हसू आलं, आणि ते मी गिळलं. अक्का मात्र फोनकडे असं बघत होत्या, जसं त्यानं त्यांच्या घरात राहून चोरी केली असावी.

"म्हणजे इतकी वर्षं मी घर ऐकलं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि परवा बाजार ऐकला."

"तेच तर!" मी म्हणालो. "लावा परत. आत्ता लावा."

"न्हाई."

"का?"

"एकदा न्हाई म्हटलं ते म्हटलं. घराबाहेर वाजतो तो घरचा फोन कसला? ह्यात काय खरं धरायचं?"

काळ्या दगडावरची रेघ, असं अक्कांच्या नकाराला सगळे म्हणतात. पण त्या दिवशी मला ती रेघ दगडावर दिसेना. त्यांच्या तोंडाकडे बघून मला वेगळंच काहीतरी वाटलं आणि ते तोंडातून निघून गेलं. "अक्का, खरं सांगा. तुम्हाला ही पोरगी कुणालाही द्यायची आहे का?"

मला वाटलं आता चप्पल येते. पण अक्का पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "न्हाई."

त्याच पुढे बोलल्या, माझ्याशी नाही, चंद्रिकेशीही नाही.

"हिच्यासाठी आलेलं हरेक घर मी ऐकलं. चांगली घरं होती की त्यात. पण दर खेपेला कायतरी ऐकू यायचंच मला. कुठं भांडं आपटायचं, कुठं कोण खाकरायचं. मला वाटायचं, बरोबर न्हाई घर. आता कळंना झालंय, ते तिकडं वाजत होतं का माझ्याच डोस्क्यात वाजत होतं. ही गेली तर मी संध्याकाळी कुणाशी बोलू? सगळ्या मुलखाला फोन करते मी. मला कोण हाय?"

त्या रडल्या. अक्कांना रडताना मी त्यांच्या यजमानांच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं. चंद्रिका त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकून राहिली. तिनं "मी जाणार नाही" म्हटलं नाही, हे मी तेव्हाच लक्षात ठेवलं. ती खोटं बोलणारी मुलगी नाही. काही वेळानं ती एवढंच म्हणाली, "चहा घे आत्या. गार व्हायला लागलाय." मी माझा कप उभ्या उभ्या संपवला आणि खाली आलो.

सोमवारी संध्याकाळी वरून हाक आली, "गुरू! महेश्वरीला घिऊन ये!" आम्ही गेलो. अक्का नवं लुगडं नेसून फोनपुढे बसल्या होत्या. दुधनीचा नंबर लावला, आणि त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. स्पीकरचं बटण दाबलं, चंद्रिकेला ऐकू जावं म्हणून.

फोन वाजत राहिला. मग खडखडाट, ट्रकचा हॉर्न, कुणीतरी कुणाचा तरी उद्धार करतंय, आणि नंदीश. "अक्का, नमस्कार करतो. मी यार्डात आहे, आई घरी आहे. तिला वेळ लागतो उठायला. तुम्ही परत लावा, इकडं वाजला तर मी तोडणारही नाही, उचलणारही नाही. वाजू द्या तुम्ही."

अक्कांनी परत लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. चंद्रिका ओढणीचं टोक पिळत होती. पुन्हा लावल्यावर एकदाचा उचलला गेला, आणि आधी आवाज आला तो काठी भिंतीला टेकवल्याचा. मग धापा. मग, "यार्री?"

कोण, एवढंच कानडीत विचारलं होतं. पण ज्या आवाजात विचारलं, त्याने अक्कांचे खांदे खाली आले. दोघी कानडीत बोलायला लागल्या. मी मराठीत सांगतो. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, तेव्हा नागव्वा म्हणाल्या, "थांबा हं, गॅस बंद करून येते. पण ठेवू नका. मी हळूहळू येते." आणि आम्ही सगळे त्या काठीचं जाणं आणि येणं ऐकत बसलो. अक्कांनी एकदाही घाई केली नाही. त्या परत आल्यावर दोघींची गुडघ्यांवर, तेलांवर, डॉक्टरांवर बोलणी झाली. लग्नाचा विषय कुणीच काढेना. शेवटी नागव्वांनीच काढला.

"तुम्ही फोनवर घर ओळखता म्हणे. मग मलाही एक विचारू द्या. माझं अंग असं झालंय म्हणून मला कळतं. ही पोर इकडं आली, की तुमच्याकडचा फोन कोण उचलणार?"

अक्कांनी चंद्रिकेकडे बघितलं. महेश्वरीनं माझा दंड पकडला. तेवढ्यात चंद्रिका पुढे वाकली आणि फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाली, "अव्वा, मीच उचलीन. इथं आत्यानं नाही उचलला, की तिकडं माझ्या मोबाईलवर वाजेल. तुमच्याकडं केलंय तसंच करून घेणार आहे मी."

पलीकडे नागव्वा हसायला लागल्या. "म्हणजे सोलापूरचं घर ऐकायला कुणी फोन केला, तर त्यांना दुधनीचंच घर ऐकू येणार म्हणा!"

अक्काही हसल्या, नाक ओढत. आणि म्हणाल्या, "घर बरोबर हाय गं, चंद्रे."

लग्न वैशाखात झालं. या एका लग्नात अक्कांनी इरकल घेतली नाही, दिली. मांडवात मुलीकडच्या बाजूला उभ्या राहून त्या इतक्या रडल्या की बिलालसुद्धा डोळे पुसत पाणी वाटत फिरला.

यापुढे काय होईल याची मला धास्ती होती. पण अक्का दुसऱ्याच दिवशी पूजा करून फोनपुढे बसल्या आणि कामाला लागल्या. फक्त एकीलाच, चंद्रिकेला, त्या फोन करत नव्हत्या. मी विचारलं तर माझ्यावरच डाफरल्या. लग्न झालेल्या मुलीला माहेरच्यांनी रोज फोन करू नये, असं त्या आजवर प्रत्येक मुलीच्या आईला बजावत आल्या होत्या. रोजचं माहेर कानाशी आलं की सासर घरात शिरत नाही, म्हणायच्या. मग आता स्वत:च तो नियम कसा मोडायचा? आठ दिवसांतून एकदा, तेही नागव्वांची विचारपूस करायला, एवढाच फोन त्यांनी स्वत:ला मंजूर केला होता. बाकी चंद्रिकेनं केला तर केला.

परवा संध्याकाळी एक बाई मुलाचं स्थळ सांगायला दुकानात आल्या. अक्का घरी आहेत का बघावं म्हणून मी दुकानातूनच वरच्या घरचा नंबर लावला. डोक्यावर फोन वाजताना मला साफ ऐकू येत होता. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलेना. एरवी दुसऱ्या रिंगला उचलणारी बाई. मोबाईल कानाला तसाच लावून मी जिना चढलो, दार ढकललं.

अक्का फोनच्या शेजारी खुर्चीवर व्यवस्थित बसल्या होत्या. फोन वाजत होता आणि त्यांचा हात त्याच्यावर, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हाताने खूण केली, थांब, वाजू दे.

फोन वाजायचा थांबला. माझ्या कानात चंद्रिका बोलली.

"हॅलो? गुरुदादा? आत्या तिथंच बसलीय ना फोनपाशी? आज दिवसभरात पाचव्यांदा तिचा फोन इकडं माझ्याकडं वाजला, आणि दर वेळी मग मीच तिला लावून बघते. द्या तिला."

मी मोबाईल अक्कांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"अगं मी तिकडं आत होते, येईपर्यंत बंद पडला," त्या माझ्यादेखत बिनदिक्कत खोटं बोलल्या. "बरी हाय मी. तू जेवलीस का?"